निकालाचा कागद आई-बाबांना कसा समजावायचा?

(पॉडकास्टच्या या भागाचा मजकूर. बोलताना जसं आलं, जवळजवळ तसंच ठेवलंय.)

  

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, "अगं, आमचं काय काम यात? आमची पोरं कुठे शाळेत आहेत!" थांबा जरा. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात चौथी-पाचवीतलं एखादं पोर आहे का बघा. धाकटा भाऊ, बहीण, भाचा, पुतणी, कुणीतरी असतंच. आणि त्या पोराच्या परीक्षेचा फॉर्म, हॉलतिकीट, निकालाची लिंक हे सगळं कुणाच्या मोबाइलवर येतं? तुमच्या. "बघ रे जरा, काय आलंय ते" असं म्हणून फोन कुणाच्या हातात येतो? तुमच्या. म्हणजे निकाल सगळ्यात आधी वाचणारे तुम्ही, आणि तो आई-बाबांना वाचून दाखवणारेही तुम्हीच. तो कसा वाचून दाखवायचा, एवढंच आज बोलायचंय.

मी हडपसरच्या एका वस्तीत संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते. सहा वर्षं झाली. दिवसा ऑफिस, संध्याकाळी सात ते साडेआठ पोरं. त्यामुळे निकाल लागले की माझ्याकडे पोरांपेक्षा पालकच जास्त येतात. हातात फोन, फोनमध्ये स्क्रीनशॉट, आणि प्रश्न एकच: "ताई, पास का नापास?"

खरी गोची तिथेच आहे. कारण पाचवीच्या आसपास मूल ज्या परीक्षा देतं, त्यातल्या बऱ्याच परीक्षांना पास-नापास हा प्रश्नच लागू होत नाही.

आधी परीक्षा वेगळ्या करू

साधारण चार प्रकारचे पेपर या वयात येतात. आई-बाबांच्या डोक्यात या चौघांची खिचडी झालेली असते. त्यात त्यांचा दोष नाही. सगळ्यांचं नाव "परीक्षा", सगळ्यांना गुण, सगळ्यांचा निकाल मोबाइलवर.

पहिली, शाळेची वार्षिक परीक्षा. आपल्यापैकी अनेकजण शिकत होतो तेव्हा आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवत नव्हते. २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यातली ती तरतूद बदलली, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास होणं गरजेचं केलं. पण इथे दोन गोष्टी आई-बाबांना नक्की सांगा. एक, मूल कमी पडलं तर त्याला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि पुन्हा एकदा परीक्षा घ्यायची, हे कायद्यातच आहे. त्यातही कमी पडलं तरच त्याच वर्गात बसावं लागतं. दोन, आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळा कुठल्याही मुलाला काढून टाकू शकत नाही. "नापास झाला तर शाळेतून नाव काढतील" ही भीती अजून अनेक घरांत आहे. ती खोटी आहे.

दुसरी, नियतकालिक मूल्यांकन चाचणी. शाळेत हिला 'पॅट' म्हणतात. पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन, असे शब्द पोरांच्या तोंडून ऐकले असतील. भाषा, गणित आणि इंग्रजी. मूल आत्ता कुठे उभं आहे आणि वर्गात पुढे काय शिकवायला हवं, हे शिक्षकांना कळावं म्हणून ती असते. वजनकाट्यावर उभं राहण्यासारखं आहे हे. वजनकाट्यावर कुणी पास-नापास होतं का?

तिसरी, शिष्यवृत्ती परीक्षा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते, पुण्यातून. ही ऐच्छिक आहे. दिली नाही तरी पुढच्या वर्गात जाता येतं, दिली आणि कमी गुण पडले तरी जाता येतं. आपल्या आई-बाबांच्या वेळी ही चौथी आणि सातवीला असायची. २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला झाली. आणि २०२५ मध्ये शासनाने ती परत चौथी आणि सातवीला न्यायचं ठरवलं. त्यामुळे तुमच्या घरातल्या पोराला नेमकी कुठल्या वर्षी बसायचंय, हे व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डवरून ठरवू नका. शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना विचारा.

चौथी, नवोदय. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळवण्यासाठी पाचवीतली मुलं ही परीक्षा देतात. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. ही निवड परीक्षा आहे. एका जिल्ह्यात हजारो मुलं बसतात आणि ८० घेतली जातात. मग उरलेली सगळी काय नापास? गाडीत जागा आठ आणि स्टॉपवर माणसं दोनशे, तर उरलेले १९२ काही चालता न येणारे नसतात.

याशिवाय खासगी परीक्षा असतात. ऑलिंपियाड, टॅलेंट, प्रज्ञा अशी भारदस्त नावं. फी भरायची, पेपर द्यायचा, मेडल मिळतं. सराव म्हणून ठीक आहे. पण त्यावर मुलाचं पुढचं काहीही अवलंबून नसतं, हे घरात स्पष्ट सांगा.

म्हणून निकाल उघडण्याआधी आई-बाबांना एकच प्रश्न विचारायला शिकवा: "या परीक्षेने काय ठरणार आहे?" वार्षिक परीक्षेने वर्ग ठरतो. पॅटने पुढे काय शिकवायचं ते ठरतं. शिष्यवृत्तीने पैसे आणि कौतुक कुणाला द्यायचं ते ठरतं. नवोदयने जागा कुणाला द्यायची ते ठरतं. मुलगा हुशार की ढ, हे यातली एकही परीक्षा ठरवत नाही.

'अपात्र' म्हणजे नेमकं काय?

आता शिष्यवृत्तीवर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो.

पाचवीची रचना सांगते. दोन पेपर. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित. भाषेचे २५ प्रश्न, ५० गुण. गणिताचे ५० प्रश्न, १०० गुण. दुसऱ्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण, आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न, १०० गुण. म्हणजे प्रत्येक पेपर १५० चा, एकूण ३००. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, चार पर्याय, बरोबर पर्यायाचा गोल रंगवायचा. चुकलं तर गुण कापत नाहीत.

पात्र व्हायला ४० टक्के लागतात. पण एकूण नाही, प्रत्येक पेपरमध्ये. म्हणजे दोन्हीकडे किमान ६०.

आता दोन वर्षांपूर्वीची गोष्ट ऐका. आमच्या वस्तीतली एक ताई आली. घरकाम करते, नवरा रिक्षा चालवतो, मुलगी पाचवीत. फोन पुढे केला, त्यावर लिहिलेलं, "अपात्र". म्हणाली, "आता हिला सहावीला घेणार नाहीत ना?" तिने तो शब्द तसाच वाचला होता. अपात्र, म्हणजे लायक नाही. घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नव्हतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्यांनी बचत गटातून अठरा हजार कर्ज काढायचं ठरवलं होतं. जवळच्या एका क्लासवाल्याने सांगितलं होतं, "काळजी करू नका, वर्षभर बसवू, पुढच्या वेळी नक्की काढू."

पुढच्या वेळी? पाचवीची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी पुन्हा देता येत नाही. मुलगी सहावीत जाणार. तेव्हाच्या नियमाने पुढची संधी थेट आठवीत होती. ज्या परीक्षेला पुन्हा बसताच येत नाही, तिच्यासाठी अठरा हजारांचं कर्ज!

मी म्हटलं, "ताई, बसा. चहा घ्या. आपण हा कागद नीट वाचू."

भाषा ३४. गणित ५८. म्हणजे पहिला पेपर ९२. इंग्रजी १६, बुद्धिमत्ता ३४. दुसरा पेपर ५०. एकूण १४२.

तेवढ्यात तिला आठवलं, "वरच्या मजल्यावरच्या मुलीला १२४ आहेत, आणि ती पात्र आहे! माझ्या पोरीला जास्त असून ती अपात्र कशी?"

कारण त्या मुलीला ६२ आणि ६२ होते. दोन्ही पेपरांत साठच्या वर. या मुलीचा दुसरा पेपर साठच्या दहा गुण खाली. बस, एवढंच. दहा गुण म्हणजे पाच प्रश्न. 'अपात्र' या शब्दाचा त्या कागदावरचा अर्थ इतकाच होता: दुसऱ्या पेपरमध्ये पाच प्रश्न कमी पडले.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाच प्रश्नांसाठी हिने दोन दिवस रडून काढले?"

मुलगी दारातच उभी होती. सगळं ऐकत होती.

म्हणून सांगते, हा शब्द घरात मोठ्याने वाचण्याआधी त्याचा अर्थ सांगा. शब्द आधी कानावर पडला की नंतरचं काही ऐकू येत नाही.

आणि याच्या उलटंही होतं बरं का. "पात्र" आलं की पेढे वाटतात, स्टेटस ठेवतात, आणि मग शिष्यवृत्ती कधी जमा होणार म्हणून वाट बघतात. पात्र असणं आणि शिष्यवृत्तीधारक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्र मुलांमधून गुणवत्ता यादी लागते. राज्यभरात पाचवीसाठी मंजूर संच साधारण साडेसोळा हजार, आणि परीक्षेला बसणारी मुलं काही लाख. हे संच जिल्ह्यांमध्ये आणि ग्रामीण-शहरी असे वाटलेले असतात. त्यामुळे एका जिल्ह्यात ज्या गुणांना शिष्यवृत्ती मिळते, त्याच गुणांना शेजारच्या जिल्ह्यात मिळेलच असं नाही. मावसभावाशी तुलना करण्याआधी हे आठवा. २०२३ पासून पाचवीच्या शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला ५,००० रुपये आहे, तीन वर्षं. म्हणजे सगळे मिळून १५,०००. क्लासची फी ठरवताना हा आकडा शेजारी लिहून बघा.

टक्के म्हणजे किती येतं ते नव्हे

आता जरा गणित. घाबरू नका, पाचवीचंच आहे.

चार पर्यायांचा प्रश्न. काहीच येत नसलेल्या मुलाने डोळे मिटून गोल रंगवला, तरी चारातून एकदा बरोबर येतो. ७५ प्रश्न असेच रंगवले तर सरासरी १८-१९ बरोबर. म्हणजे काही न येता साधारण २५ टक्के!

आता दुसरं मूल घ्या. त्याला १५ प्रश्न पक्के येतात, उरलेले ६० अंदाजाने. साठाचे चौथाई १५. एकूण ३० बरोबर, ६० गुण, ४० टक्के. पात्र! पण त्याला खरं किती येत होतं? पाचातला एक प्रश्न.

हे कुणाला कमी लेखायला सांगत नाहीये. सांगायचं इतकंच की पर्यायी प्रश्नांच्या पेपरमध्ये ४० टक्के म्हणजे "चाळीस टक्के अभ्यास येतो" असं नसतं. त्या ताईच्या मुलीचं इंग्रजी बघा. १६ गुण, म्हणजे २५ पैकी ८ बरोबर. नुसत्या अंदाजाने ६ येतात. म्हणजे इंग्रजी तिला जवळजवळ वाचताच येत नव्हतं. हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, पण 'अपात्र' शब्दाने ते झाकून टाकलं. उलट गणितात ५० पैकी २९ बरोबर. ते अंदाजाने येत नाहीत. ती पोरगी गणित करत होती!

म्हणून एकूण बेरीज सगळ्यात शेवटी बघा. आधी विषयवार चार आकडे बघा. प्रत्येक आकड्याला दोनने भागा, किती प्रश्न बरोबर ते कळेल. मग विचारा, नुसत्या अंदाजाने किती आले असते? भाषेला ६, गणिताला १२, इंग्रजीला ६, बुद्धिमत्तेला १२. त्याच्या जेवढं वर, तेवढं मुलाचं स्वतःचं.

आणखी एक. समजा मुलाने २० प्रश्न अंदाजाने सोडवले. सरासरी ५ बरोबर यायला हवेत. पण एखाद्या दिवशी ३ येतील, एखाद्या दिवशी ७. तेच मूल, तेवढाच अभ्यास, आणि गुणांत ८ चा फरक! गुणवत्ता यादीत एकेका प्रश्नावर नंबर खाली-वर होतो. म्हणून "त्याला २१४ आणि तुला २१०, का?" या प्रश्नाला खरं तर उत्तरच नाही. कुणाला १९० आणि कुणाला ११० असतील, तर फरक आहे. चार गुणांचा फरक हा फरक नव्हे.

याच गणितातून परीक्षेआधी सांगायची एक गोष्टही निघते: गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नको. नवोदयलाही हेच, तिथेही चुकीला गुण कापत नाहीत.

बुद्धिमत्ता चाचणी म्हणजे बुद्धी मोजणं नाही

हे नाव ज्याने ठेवलं, त्याला मी कधीतरी भेटणार आहे.

पालक येतात आणि हळू आवाजात विचारतात, "ताई, बाकी ठीक आहे हो, पण बुद्धिमत्तेत ३४ च. डोकंच कमी आहे का त्याचं?" एक आजोबा तर म्हणाले, "बुद्धी कमी असेल तर शिकवून काय उपयोग?"

अहो, त्या भागात असतं काय? संख्यामालिका पूर्ण करा. गटात न बसणारं पद ओळखा. आरशातली प्रतिमा कशी दिसेल. उत्तरेला तोंड करून चालत निघाला, डावीकडे वळला, आता तोंड कुठे. सांकेतिक भाषा. नातेसंबंध, म्हणजे "माझ्या वडिलांच्या बहिणीचा मुलगा माझा कोण?" या प्रकारचे प्रश्न आधी कधी बघितलेच नसतील तर पहिल्यांदा कुणालाही अवघड जातात. दहा-बारा वेळा सोडवले की युक्ती कळते आणि गुण वाढतात. बुद्धी अशी पंधरा दिवसांत वाढत नाही ना? म्हणजे मोजला जातोय तो त्या प्रकारच्या प्रश्नांचा सराव.

आई-बाबांना सांगायची सोपी युक्ती: असाच एक प्रश्न त्यांना सोडवायला द्या. खरंच द्या. आरशातलं घड्याळ दाखवा आणि किती वाजले विचारा. बाबा दोन मिनिटं बघत बसतील. मग म्हणा, "याला पोराकडे किती वेळ असतो माहितीये?" शिष्यवृत्तीच्या पेपरला दीड तास, ७५ प्रश्न. एका प्रश्नाला ७२ सेकंद, गोल रंगवायचा वेळ धरून. नवोदयला दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे दीड मिनिट. आमच्या पालकसभेत मी हे केलं होतं. सगळ्यांना पाच प्रश्न दिले आणि मोबाइलवर सहा मिनिटांचा टायमर लावला. घंटी वाजली तेव्हा एका काकांचे दोन झाले होते. ते हसत म्हणाले, "पोरगं बरंच करतंय म्हणायचं की!" माझं अर्ध्या तासाचं भाषण त्या एका वाक्यात झालं.

मग बोलायचं कसं?

आता कामाचं. निकालाच्या दिवशी तुम्ही काय करायचं?

एक. लिंक तुम्ही एकट्याने उघडा. सगळं घर फोनभोवती गोळा करून नाही. बैठक क्रमांक टाका, आकडे कागदावर उतरवून घ्या. कागदावर हाताने लिहिलेले चार आकडे शांतपणे बघता येतात. स्क्रीनवरचा शब्द अंगावर येतो.

दोन. आई-बाबांशी आधी बोला, पोर बाजूला असताना. सुरुवात अशी करा: "आई, ही परीक्षा पास-नापासची नाहीये. शाळेवर हिचा काही परिणाम नाही." हे वाक्य पहिलं. कारण जोपर्यंत पोटातली भीती जात नाही, तोपर्यंत पुढचं काही कानात शिरत नाही. मग चार आकडे. कुठे चांगलं आहे ते आधी, कुठे कमी पडलं ते नंतर.

तीन. आई-बाबांना शिकवायला जातोय असा सूर नको. "तुम्हाला कळत नाही" असं वाटलं की संपलं. आमच्याकडे अनेक आया स्वतः चौथी-पाचवीलाच शाळा सोडलेल्या आहेत. "अपात्र" हा शब्द त्यांनी स्वतःबद्दल आयुष्यभर ऐकलाय. म्हणून तो पोरीच्या नावापुढे दिसला की त्यांना इतकं लागतं. तेव्हा "आपण दोघं मिळून वाचू" असं म्हणा. बोट ठेवून वाचा.

चार. शंका असेल तर विचारायची जागा आहे. शिष्यवृत्तीचा आधी अंतरिम निकाल लागतो, त्यानंतर गुणपडताळणीसाठी शाळेमार्फत अर्ज करता येतो, आणि मग अंतिम निकाल लागतो. परीक्षेनंतर परिषद उत्तरसूचीही प्रसिद्ध करते. प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची शेजारी ठेवून पोराबरोबर बसा. ओरडायला नाही, बघायला. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला तीनपैकी एक खूण करा: येत नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, की वेळच पुरला नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला शिकवावं लागतं, दुसऱ्याला सावकाश वाचायची सवय लागते, तिसऱ्याला घड्याळ लावून सराव लागतो. "अभ्यास कर" हे एकच औषध तिन्ही आजारांना देऊन चालत नाही.

पाच. पैसे भरण्याआधी थांबा. निकालानंतरच्या आठवड्यात क्लासच्या जाहिराती धडाधड येतात. फ्लेक्सवर वीस पोरांचे फोटो, खाली गुण. एक प्रश्न विचारायला सांगा बाबांना: "एकूण किती मुलं बसली होती तुमच्याकडून?" वीस फोटो वीसातले की चारशेतले, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि दुसरा प्रश्न: "माझं मूल आता पुढची कुठली परीक्षा देऊ शकतं, कुठल्या वर्षी?" या दुसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं नाही तर सरळ घरी या.

त्या ताईने कर्ज काढलं नाही. आम्ही तिच्या मुलीला रोज वीस मिनिटं इंग्रजी वाचायला लावलं. अक्षरांच्या आवाजांपासून, अगदी पहिल्यापासून. ती आता सातवीत आहे. इंग्रजी अजूनही तिचं आवडतं नाही, पण दुकानाच्या पाट्या वाचते, आणि गणिताला वर्गातली पोरं तिच्याकडे विचारायला येतात. सातवीची शिष्यवृत्ती द्यायची की नाही, हे तिने आईला सांगितलंय: "मला विचारून ठरव."

पोराशी काय बोलायचं

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आई-बाबांना समजावण्यात आपण इतके गुंततो की ज्याचा निकाल आहे तोच कोपऱ्यात राहतो. दहा-अकरा वर्षांचं लेकरू असतं ते. मोठ्यांच्या चेहऱ्यावरून निकाल वाचतं. आपण "काही हरकत नाही" म्हणालो आणि चेहरा पडलेला असला, तर ते चेहऱ्यावर विश्वास ठेवतं.

तेव्हा आधी विचारा, "तुला पेपर कसा वाटला होता?" बऱ्याचदा अशा गोष्टी बाहेर येतात ज्या कुठल्याच निकालात नसतात. एक मुलगा मला म्हणाला होता, "दीदी, मी दहाव्या प्रश्नाचा गोल अकराव्याला रंगवला, मग सगळेच पुढे गेले." त्याला सगळं येत होतं! गोल रंगवण्याचा सराव नव्हता. दुसरी म्हणाली, "दोन पेपरांच्या मध्ये मला भूक लागली होती, डबाच नव्हता." पहिल्या पेपरला छान, दुसऱ्याला कोसळली. आता हे बुद्धीचं आहे का डब्याचं?

मोठ्या परीक्षेत सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ, एकच तपासणी असते. ते चांगलंच आहे. कुणाची ओळख चालत नाही, अक्षर सुंदर म्हणून गुण वाढत नाहीत. झेडपीच्या शाळेतलं पोर आणि मोठ्या फीच्या शाळेतलं पोर एकाच कागदासमोर बसतं. गावाकडच्या कित्येक घरांत याच परीक्षांनी दार उघडलंय, ते मी नाकारत नाही. पण पेपर सगळ्यांना सारखा असला तरी त्याआधीची सकाळ सगळ्यांची सारखी नसते. कुणी बाबांच्या गाडीवरून येतं, कुणी दोन बस बदलून. तो कागद एका दिवसाचा, तीन तासांचा हिशेब सांगतो. तेवढा तो खरा मानायचा, त्याच्यापेक्षा जास्त नाही.

तर या आठवड्यात एक काम करा. घरातल्या, शेजारच्या एका पोराला विचारा, यंदा कुठली परीक्षा देतोयस. मग त्याच्या आईला किंवा बाबांना पाच मिनिटं सांगा, ती परीक्षा काय ठरवते आणि काय ठरवत नाही. निकालानंतर नको, आत्ताच सांगा. हा भाग त्यांना पाठवला तरी चालेल, पण खरं सांगू का, तुम्ही शेजारी बसून सांगितलंत तर जास्त पोचेल.

तुमच्या घरी निकालाच्या दिवशी काय होतं ते मला व्हॉइस नोटने कळवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवीन. तोपर्यंत काळजी घ्या, पोरांना वेळेवर डबा द्या. भेटूच!